विहीणबाई, डिस्कचं नाव तसंच आहे

निहार, ईरा,

गेल्या रविवारी तुम्हाला वाकोल्याच्या आजीचे फोटो हवे होते, म्हणून मी व्हिडिओ कॉलवर माझ्या कॉम्प्युटरचा स्क्रीन तुम्हाला दाखवत होते. फोटो शोधताना निहारने विचारलं, "आजी, ते कुमुद काय आहे?" ईरा लगेच म्हणाली, "व्हायरस असेल. डिलीट कर." मी म्हटलं, व्हायरस नाही, नंतर सांगते. तुमची आई मागे उभी होती. तिची आई जाऊन तेव्हा जेमतेम तेरावं झालं होतं. तिच्यासमोर ती गोष्ट मला नीट सांगता आली नसती.

मग दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा अर्जासोबत जोडतात तसं काहीतरी झालं: जन्म मालवणजवळ, नोकरी म्युनिसिपल हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरची सिस्टर, वगैरे. ते तुमची आई तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मला तुमच्या आजीविषयी बोलण्यापेक्षा तिच्याशी बोलायची सवय आहे. म्हणून पुढचं मी तिलाच लिहिते. तुम्ही शेजारी बसून ऐका. ती माझी विहीण होती, म्हणजे माझ्या सुनेची, मेधाची आई. मी सगळं शिक्षण इंग्रजीत घेतलं, पण या नात्याला त्या भाषेत धड शब्द मिळाला नाही. आपल्याकडे शब्द आहे, आणि त्याच्याबरोबर एक साडी, जेवणाची पंगत आणि रुसायचा हक्कसुद्धा येतो.

विहीणबाई,

वर तुमचं नाव लिहावं असं मनात आलं आणि हात थांबला. वीस वर्षांत आपण एकमेकींना नावाने हाक मारलीच नाही. तुमचा फोन यायचा, "विहीणबाईंना सांगा, विहीणबाई बोलतायत," आणि तुमचे व्याही फोन माझ्या हातात देत म्हणायचे, "घे, आरशाचा फोन आहे." त्यांना वाटायचं आपण दोघी सारख्या. मला ते कधीच पटलं नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य काढलेली बाई. वस्तू जिथली तिथे असली की माझं काम झालं. तुम्ही मात्र वस्तू उघडून आत बघितल्याशिवाय राहत नव्हता. आमच्या घरातला मिक्सर, तुमच्या व्याह्यांचा रेडिओ, देवघराच्या दिव्याचं बटण, सगळ्यांनी तुमचा हात बघितला आहे.

तरी तुम्ही मुलुंडला यायचात ते मिक्सरसाठी नाही, हे आपल्या दोघींना माहीत होतं. मेधाचे अप्पा गेल्यानंतर तुम्ही अधूनमधून येऊ लागलात. पिशवीत आमसुलं असायची. टेबलावर पिशवी ठेवायची, पाणी प्यायचं, आणि मग सहज आठवल्यासारखं विचारायचं, "नातवंडांचे फोटो बघू का जरा?" मी कॉम्प्युटर लावून द्यायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. फोटो तुम्ही बघायचातच. पण मग बाहेरून सनईचा आवाज यायचा आणि मला कळायचं की तुम्ही मेधाच्या आणि आमच्या समीरच्या लग्नाची फिल्म लावली आहे. त्या दिवशी आमच्या घरी चहाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा. मी गॅस बारीक ठेवायचे.

अप्पांचे फोटो पुष्कळ आहेत आणि सगळ्यांत ते तोंड मिटून उभे आहेत. फोनवर बोलायला त्यांना आवडत नसे. त्यांचा आवाज फक्त त्या फिल्ममध्ये राहिला होता. तुमच्याकडची कॅसेट वाकोल्याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा कॉटखाली भिजून गेली. आमच्याकडची सीडी चरे पडून बाद झाली. समीरने कॅनडाला जाण्यापूर्वी ती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती, तेवढीच एक प्रत उरली. त्याला नि मेधाला पाठवायला घेतली की इतकी मोठी फाइल मध्येच तुटायची.

आणि मग कॉम्प्युटरमधून टिकटिक ऐकू येऊ लागली.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क. एकीवर यंत्र चालतं, दुसरीवर आमचं सामान: फोटो, पत्रं, फिल्म. टिकटिक सामानाच्या डिस्कमधून येत होती. स्टेशनजवळच्या दुकानदाराने फोनवर नुसतं ऐकून सांगितलं, "काकी, जाणार ही. नवीन टाका आणि पटकन कॉपी करा." नवीन डिस्क त्याने पोचवली, पण बसवणारा माणूस गणपतीनंतर येईल म्हणाला. हे मी तुम्हाला फोनवर सहज सांगितलं. खरं म्हणजे सहज नाही. तुम्हाला कळायला हवं असं वाटलं. तुम्ही डिस्क केवढी असते ते विचारलंत. मग म्हणालात, "स्क्रू किती असतात त्याला?"

"कशाला?"

"उद्या येते. गणपतीला गावी जाण्याआधी झालेलं बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. आमसुलं नव्हती. पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता, टॉर्च होता आणि धुऊन इस्त्री केलेला हिरवा कपडा होता. तो तुम्ही जेवणाच्या टेबलावर पसरलात, माझ्याकडून एक स्टीलची वाटी घेतलीत आणि कॉम्प्युटरचं खोकं त्याच्यावर आडवं केलंत. व्याह्यांनी पेपरावरून बघितलं.

"विहीणबाई, भूल दिलीत का त्याला?"

"प्लग काढलाय. तुम्ही थिएटरबाहेर बसा. नातेवाइकांना आत प्रवेश नाही."

निघालेला प्रत्येक स्क्रू वाटीत पडत होता. मी दुकानदाराने दिलेला कागद मोठ्याने वाचत होते आणि तुम्ही तो ऐकत असल्याचं दाखवत नव्हता. तरी वायर कुठली कुठे हे विचारायच्या वेळी बरोबर माझ्याकडे बघायचात. नवीन डिस्क रिकाम्या खणात सरकली. दोन वायरी जोडल्या, स्क्रू परत बसले. तुम्ही वाटी माझ्यासमोर धरून म्हणालात, "बघून घ्या, आत काही राहिलं नाही." वाटी खरोखरच रिकामी होती. इतकं नीट काम मी लायब्ररीतसुद्धा फार लोकांना करताना पाहिलेलं नाही. तेव्हा बोलले नाही. वरचेवर कौतुक केलं तर तुम्ही "काय मागायचं आहे?" असं विचारायचात.

कॉम्प्युटर सुरू केला. यंत्राची डिस्क दिसली. टिकटिक करणारी जुनी दिसली. नवीन कुठेच नाही.

"खंय गेलो मेलो?" तुम्ही म्हणालात. तुम्ही मालवणीत गेलात की परिस्थिती गंभीर आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

मी म्हटलं, खराब डिस्क दिली आहे, दुकानात परत पाठवू. मी फोन हातात घेतलासुद्धा. तुम्ही मात्र खाली बसलात आणि खोक्याच्या बाजूला तळहात लावलात. डोळे मिटलेले. मग हात जरा खाली सरकवलात. "फिरतेय," म्हणालात. "जिवंत आहे ती. आत आहे, फिरते आहे, पण हा तिला ओळखत नाही. असं का?"

मग मी फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं. नवीन डिस्क बसवली म्हणजे काम संपत नाही. डिस्क मॅनेजमेंट नावाची एक खिडकी उघडायची, तिथे ती 'इनिशिअलाइज' करायची, जागा आखून द्यायची, तिला एक अक्षर द्यायचं, मग फॉरमॅट करायची. तोवर कॉम्प्युटरच्या लेखी ती नसते.

"इनिशिअलाइज म्हणजे?"

मी शब्द शोधत होते. सुरुवात करणं, नोंद करणं, असं काहीतरी म्हणत होते. तुम्ही हात झटकलात. "म्हणजे केसपेपर काढायचा. सरळ सांगा ना. केसपेपर नसेल तर माणूस दारात पडलेला असला तरी आत कुणी बघत नाही."

मी माझ्या परीने पुष्कळ तांत्रिक पुस्तकांना विषयवार नंबर दिले आहेत, विहीणबाई. पण इनिशिअलाइज या शब्दाला याहून चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

खिडकी उघडली. विचारलं गेलं, दोन पद्धतींपैकी कुठल्या पद्धतीचा केसपेपर. मी म्हटलं, दुसरी नवीन आहे, मोठ्या डिस्कना चालते. "मग तीच. जुनी कशाला?" मी बटण दाबलं. खाली तीन ओळी आल्या. दोन ओळींवर निळ्या पट्ट्या आणि शेवटच्या ओळीवर लांबच लांब काळी पट्टी.

"इलो गे बाय, इलो!" तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. विहिणीच्या पाठीवर थाप मारायची पद्धत नाही. मला ती आवडली.

"काळी म्हणजे कोरी," मी म्हटलं. "निळी म्हणजे भरलेली."

"म्हणजे काळीलाच हात लावायचा. आता वाचा. पेशंटचं नाव?"

"डिस्क दोन. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो."

"वजन?"

"नऊशे एकतीस जीबी."

"किती?"

"नऊशे एकतीस."

"हजाराची आणलीत ना तुम्ही?"

इथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही. मी तुम्हाला समजावलं. दुकानवाले हजाराच्या पटीत मोजतात, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या पटीत मोजतो, म्हणून आकडा कमी दिसतो, जागा तेवढीच असते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "विकणाऱ्याचं माप वेगळं आणि घेणाऱ्याचं वेगळं. याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात." मी म्हटलं, फसवणूक नाही, रीत आहे. तुम्ही म्हणालात, "मानपानात पण तुमच्याकडचे हेच म्हणत होते." बाहेरच्या खोलीतून व्याह्यांच्या हसण्याचा आवाज आला. नातेवाईक ऐकत होते.

मग खरी कसोटी होती. काळ्या पट्टीवर उजवं बटण दाबून 'नवीन व्हॉल्यूम' निवडायचं. आमचा माउस तेव्हा जुन्या डायरीवर फिरायचा आणि मधेच उडी मारायचा. त्याने नेमकी वरच्या ओळीवर उडी मारली. यादी उघडली, आणि तुमचा हात माझ्या मनगटावर आला. घट्ट.

"थांबा. परत वाचा. पेशंट कोण?"

मी वाचलं. डिस्क एक. चारशे पासष्ट जीबी. यादीत खाली लिहिलं होतं: फॉरमॅट. त्याच्याखाली: डिलीट व्हॉल्यूम. नवीन व्हॉल्यूमचं नाव त्यात कुठेच नव्हतं. ही जुनी डिस्क होती. यादी बंद केली तेव्हा आपण दोघींनी एकदम श्वास सोडला.

तुमचा हात मनगटावर तसाच होता. म्हणालात, "ऑपरेशनच्या आधी आम्ही पेशंटला परत विचारायचो. नाव काय, कुठला पाय. त्याला राग यायचा, सकाळपासून चौथ्यांदा विचारता म्हणून. येऊ दे राग. पाय दोनच असतात." मग हळूच म्हणालात, "आणि हे तर एकच आहे."

तुम्ही अप्पांविषयी त्या दिवशी बोललात ते एवढंच.

पुढे सोपं होतं. काळी पट्टी, उजवं बटण, नवीन व्हॉल्यूम. सगळी जागा एकत्र. अक्षर ई. मग एक चौकोन आला, त्यात 'न्यू व्हॉल्यूम' असं आधीच लिहिलेलं. मी वाचलं, "इथे डिस्कला नाव द्यायचंय."

तुम्ही म्हणालात, "आणा तांदूळ."

आणि आपण दोघी हसत सुटलो. निहार, ईरा, तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि त्यात नवरीचं सासरचं नवं नाव अंगठीने लिहितात. तुमच्या आईच्या लग्नात आमच्याकडच्या आत्याबाईंनी एक नाव ठरवून आणलं होतं. गुरुजींनी विचारलं, "नवीन नाव काय लिहायचं?" आत्याबाईंनी तोंड उघडायच्या आत तुमची ही आजी, मुलीची आई, पुढे झाली आणि म्हणाली, "गुरुजी, आहे ते नाव जवळजवळ नवंच आहे. फारसं वापरलेलं नाही." सगळा हॉल हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. पण मुलीकडच्यांनी असं बोलायची रीत नव्हती त्या काळात, विहीणबाई, तुम्ही बोललात. मेधाने तांदळात मेधा असंच लिहिलं.

डिस्कच्या नावाच्या चौकोनात मला काय लिहायचं ते माहीत होतं. वर्ष आणि त्यापुढे 'डेटा'. तुम्ही कीबोर्ड माझ्याकडून ओढून घेतलात. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, टाइप केलंत. मी चष्मा सारखा करून वाचलं.

कुमुद.

लग्नाआधी माझं नाव कुमुद होतं. सुनंदा हे सासूबाईंनी तांदळात लिहिलेलं. त्यानंतर मला कुमुद म्हणणारी माणसं एकेक करून गेली. बँकेत, कॉलेजात, रेशनकार्डावर, तुमच्या व्याह्यांच्या तोंडी, सगळीकडे मी सुनंदाच. तुम्हाला ते नाव सांगितल्याचं मला आठवत नव्हतं.

"हे कुठून काढलंत?"

"बरोबर लिहिलंय ना? मग दाबा पुढे."

दाबलं. फॉरमॅट झालं. काळी पट्टी निळी झाली आणि 'धिस पीसी'मध्ये तिसरं खोकं उमटलं: कुमुद, ई. व्याही पाणी प्यायला उठले होते, त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "ही कुमुद कोण?"

"तुमची बायको," तुम्ही म्हणालात.

ते ग्लास हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, हो की." आणि पाणी न पिताच परत गेले.

आता कॉपी. मी ठरवलं होतं, वर्षाप्रमाणे जायचं. जुन्यापासून सुरुवात, एकेक फोल्डर, झालं की खूण. तुम्ही म्हणालात, "तुमचं घर, तुमची पद्धत." पण जुन्या डिस्कची टिकटिक वाढली होती. तुम्ही टेबल फॅन आणून तिच्यासमोर लावलात, कपाळावर पट्टी ठेवावी तसा. आणि बोलता बोलता सांगितलंत, कॅज्युअल्टीत पोरींना पहिल्या दिवशी काय शिकवायचात ते. जो ओरडतोय त्याला निदान श्वास आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जायचं.

हे सांगून झालं आणि तुम्ही गप्प झालात. हात खोक्यावर, नजर फॅनकडे.

मुलीकडच्यांनी मागायचं नसतं. तांदळाच्या ताटापुढे भर हॉलमध्ये बोललेली बाई, स्वतःसाठी एक शब्द मागणार नव्हती. मी पहिल्या वर्षाचा फोल्डर सोडला आणि लग्नाचा उचलला.

कॉपीची हिरवी पट्टी सरकायची, थांबायची. थांबली की टिकटिक, मग खर्रकन आवाज, मग परत सरकायची. तुमचा तळहात सगळा वेळ खोक्यावर होता. एकदा पट्टी इतका वेळ थांबली की मी तुमच्याकडे बघणं टाळलं. तुम्ही हलक्या आवाजात डिस्कला म्हणालात, "चल गो बाय, जरासा रवला." चल बाई, थोडंसंच राहिलंय. प्रसूतीच्या बाईला म्हणतात तसं. आणि ती चालली. पट्टी शेवटाला पोचली.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तुम्ही नाही. "कॉपी झाली म्हणजे काय झालं? पेशंट बोलला पाहिजे."

म्हणून आपण नवीन डिस्कवरून फिल्म लावली. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले नाही. सनई. मांडव. समीर घामाघूम. मी एरवी फिल्म लावली की पुढे ढकलून अंतरपाटापाशी थांबवायचे, त्यामुळे तांदळाच्या ताटाचा भाग मी धड कधी बघितलाच नव्हता. तुमचं वाक्य झालं, हॉल हसला, आणि त्या हसण्याखाली माझा आवाज आला. वीस वर्षांपूर्वीचा, कुणाला उद्देशून आहे तेही न कळणारा. "राहू दे मेधाच. माझं बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मी कुमुद होते." मला हे बोलल्याचं अजिबात आठवत नव्हतं. कॅमेरा ताटावर होता, मी चित्रात नाही. आणि लगेच, अगदी माइकजवळून, अप्पांचा आवाज आला:

"कुमुद? बरा नाव होता. कित्याक बदललात?"

चांगलं नाव होतं, का बदललंत. एवढंच. मग गुरुजींचे मंत्र सुरू झाले.

तुम्ही किती वेळा ऐकलं असेल ते. मी आत चहा उकळत असताना किती वेळा. अप्पांचं एकेक वाक्य तुम्हाला पाठ होतं, आणि त्यातल्या एकात माझं नाव होतं. लग्नाच्या गर्दीत मला कुणीतरी विचारलं होतं, आणि मला ते ऐकूही आलं नव्हतं. तुम्ही त्यांच्या वतीने परत विचारलंत, ते एका बोटाने टाइप करून.

मी तुमच्याकडे वळले. तुम्ही पदराने स्क्रीन पुसत होता, स्क्रीन स्वच्छ होता. म्हणालात, "चहा टाका की. मुलीकडची आहे मी, मागायला लावू नका."

जुनी डिस्क संध्याकाळपर्यंत जमेल तेवढं देत राहिली. काही वर्षं पूर्ण आली, काही अर्धी. मग गप्प झाली ती झालीच. तुम्ही ती काढलीत, त्याच स्टीलच्या वाटीत ठेवलीत आणि बाहेरच्या खोलीत जाऊन व्याह्यांसमोर धरलीत. "नातेवाईक कोण? बघून घ्या. हे काढलं." त्यांनीही गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. तुम्ही दोघं एकमेकांची थट्टा किती चांगली करायचात. आता त्यांची थट्टा करणारं घरात कुणी नाही. माझ्या थट्टेला त्यांना उत्तर सुचत नाही म्हणतात, कारण ती व्याकरणशुद्ध असते.

त्यानंतर तुमच्या फोनला नवीन सुरुवात मिळाली. "विहीणबाई, कुमुद कशी आहे?" मी सांगायचे, बरी आहे, आवाज करत नाही, वेळेवर उठते. तुम्ही विचारायचात, गरम होते का? मी म्हणायचे, कधीकधी. तुम्ही सांगायचात, जास्त भरू नका तिच्यावर, मोकळी जागा ठेवा. मी म्हणायचे, ठेवते. काही वेळा फोन ठेवल्यावर मी विचार करत बसायचे की आत्ता आपण नक्की कुणाविषयी बोललो. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "डिस्कविषयी, आणखी कुणाविषयी?" असं म्हणून मोकळ्या झाला असतात.

आपलं भांडण मात्र राहिलं. आकड्याचं नाही, दुसरं. तुमचं म्हणणं, नाव बदललं तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. माझं म्हणणं, तुम्हाला वाटतं तेवढं ते दुखलं नाही. सुनंदा या नावात मी चांगली राहिले. नोकरी केली, मूल वाढवलं, त्याच नावाने लोकांनी मला मान दिला. नावाची सवय होते. तुम्ही म्हणायचात, "सवय झाली म्हणजे केसपेपर बरोबर होता असं नाही." मी त्याला उत्तर शोधत होते. मला वाटलं होतं, तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा सांगेन. उत्तर आता जवळजवळ तयार आहे. तुम्हीही बरोबर आहात आणि मीही, मापं वेगळी आहेत. यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. फसवणूक.

हॉस्पिटलात शेवटी भेटले तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. तिथली तरुण सिस्टर तुमचं नाव विचारायला आली, हातावरच्या पट्टीशी ताडून बघायला. तुम्ही थकल्या होतात, तरी तिने विचारल्यावर पूर्ण नाव सांगितलंत, आणि नळीतूनच तिला म्हणालात, "शाब्बास. परत विचार, राग येऊ दे." ती गोंधळली. मला हसू आलं आणि डोळेही भरले. माझ्याकडे वळून तुम्ही नेहमीचं विचारलंत. "कशी आहे?" नाव घेतलं नाहीत. मी म्हटलं, "बरी आहे."

मी तुम्हाला एकदाही 'तू' म्हटलं नाही. आता म्हणू शकते, कुणी अडवणार नाही. पण नको. 'तुम्ही' मध्ये आपली थट्टा बसली होती, तिला हलवायला नको.

निहार, ईरा, आता तुमच्यासाठी. ईरा, डिलीट करायचं नाही. निहार, मी त्या फिल्मची प्रत दुसऱ्या एका छोट्या डिस्कवर करून ठेवली आहे. ती समीर दिवाळीत नेईल. तुझ्या कॉम्प्युटरला लावशील तेव्हा बटण दाबण्यापूर्वी वाच, कुठली डिस्क, किती जीबी. मोठ्याने वाच. तिथे तांदळाच्या ताटापाशी थांब आणि आवाज वाढव.

विहीणबाई, ई डिस्क चालू आहे. आकडा अजून नऊशे एकतीसच दाखवते. फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागते. तुमचा आवाज येतो, हॉल हसतो, त्याखाली माझा येतो, मग अप्पांचा. डिस्कचं नाव मी बदललेलं नाही. कुमुद बरी आहे.